हिटलरला फक्त डान्झिग (पोलंडलगतचं, बहुसंख्य जर्मन वस्तीचं बंदर) हवं होतं आणि युद्ध ब्रिटननं लादलं, हे खरं आहे का?

नाही. २३ मे १९३९ ला हिटलरनंच आपल्या सेनाधिकाऱ्यांना सांगितलं होतं की वाद डान्झिगचा नाहीच, पूर्वेकडे जमीन आणि अन्नधान्य मिळवायचं आहे. त्याचा लष्करी सहायक श्मुंट यानं काढलेली ही टिपणं न्यूरेंबर्ग खटल्यात पुरावा म्हणून आली. शिवाय सुडेटेनलँड, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन वस्तीचा सीमाभाग, पदरात पडल्यावरही हिटलरनं मार्च १९३९ मध्ये त्या देशाची राजधानी प्राग घेतलीच. 'आम्हाला फक्त जर्मन वस्तीचा भाग हवा' ही सबब तिथेच गळून पडली.

या दाव्याचे समर्थक नेहमी जर्मनीचा पोलंडसाठीचा १६ कलमी प्रस्ताव पुढे करतात. तो ३० ऑगस्टच्या मध्यरात्री जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपनं ब्रिटिश राजदूत हेंडरसनला भराभर वाचून दाखवला, प्रत दिली नाही, आणि वर मुदत संपल्याचं सांगितलं. याला काय वाटाघाटी म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी पोलंडवरच्या हल्ल्याच्या आदेशावर हिटलरची सही झाली.