रिपोर्टात ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ आलंय, म्हणजे नेमकं काय दिसलंय?

राजारामपुरीतल्या एका दादांनी विचारलंय: वडील ६७ वर्षांचे, पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ८.४. एमआरआयच्या रिपोर्टात प्रोस्टेटच्या पेरिफेरल झोनमध्ये डावीकडे ११ मिलिमीटरचा भाग, रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन, एडीसी ०.७२, पायरॅड्स (कॅन्सरच्या संशयाचा १ ते ५ मधला गुण) ४. हा कॅन्सरच असेल तर आता बायोप्सी कशाला? आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं नाही, मग तपासणी अर्धवट झाली का?

दादा, मी कोल्हापुरात १८ वर्षं एमआरआयच्या मशीनवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, पण ज्या चित्रांवरून लिहितात ती रोज माझ्या हातून निघतात. म्हणून आधी ०.७२ हा आकडा येतो कुठून ते सांगतो.

शरीरातल्या पाण्याचे रेणू कधी स्वस्थ बसत नाहीत. मोकळ्या पाण्यात, अंगाच्या उष्णतेला, एखादा रेणू ५० मिलिसेकंदांत साधारण ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकतो. पेशी असते १० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे तेवढ्या वेळात तो दोन-तीन पेशींची लांबी तोडेल, पण वाटेत पेशीचं आवरण आलं की तिथंच घुटमळतो. डोळे बांधून एक माणूस खासबागेच्या मोकळ्या मैदानात सोडा आणि दुसरा पाला न काढलेल्या, तोडीला आलेल्या उसात. वेळ दोघांना सारखाच द्या. उसातला गडी दोन सऱ्यासुद्धा ओलांडत नाही. डिफ्यूजन एमआरआय मोजतं ते एवढंच, की ठरल्या वेळात पाणी किती लांब गेलं. ते अडलं, कमी गेलं, की रिपोर्टात ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ येतं.

ही मोजणी आजही स्टेस्कल आणि टॅनर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या युक्तीवर चालते. चुंबकीय ग्रेडियंटचा (जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा) पहिला झटका रेणूवर त्याच्या जागेची खूण करतो, दुसरा ती खूण पुसतो. रेणू जागचा हलला नसेल तर खूण पुरती पुसली जाते आणि सिग्नल शाबूत राहतो. हलला असेल तर हिशेब जुळत नाही, सिग्नल पडतो. झटक्यांचा जोर आणि वेळ मिळून जो आकडा होतो, ती बी-व्हॅल्यू. प्रोस्टेटला आम्ही ५० आणि ८०० किंवा १००० घेतो, शिवाय १४०० किंवा त्यापुढचं एक चित्र. बी वाढवल्यावर सिग्नल किती झपाट्यानं पडला, त्यावरून ठिपक्या-ठिपक्याचा एडीसी, म्हणजे तिथं पाणी किती मोकळं फिरतं त्याचा आकडा, निघतो.

पेरिफेरल झोन म्हणजे ग्रंथीचा मागचा, गुदाशयाला लागून असलेला भाग. प्रोस्टेटचे बहुतेक कॅन्सर इथंच उगवतात. निरोगी माणसात इथं बारीक पोकळ नळ्या आणि त्यांत द्रव असतो, पाण्याला हातपाय पसरायला जागा असते. कॅन्सरमध्ये या पोकळ्या बुजतात आणि द्रवाच्या जागी पेशी दाटतात. एडीसी उतरतो, या आकड्यांच्या नकाशावर तो भाग काळा दिसतो. तुमचं ०.७२ काही मशीन ७२० असं छापतात, एककाचा फरक आहे, घाबरू नका. पायरॅड्सच्या २०१५ च्या आवृत्तीत ७५० ते ९०० च्या खालचा आकडा संशय वाढवणारा धरलाय. तुमचा त्याखाली आहे. पण मशीन आणि बी-व्हॅल्यू बदलल्या की आकडा थोडा सरकतो, म्हणून डॉक्टर नुसत्या आकड्यावर जात नाहीत. एडीसीवर काळा दिसणारा भाग मोठ्या बी-व्हॅल्यूच्या चित्रात पांढरा लखलखतोय का, हे दोन्ही शेजारी ठेवून बघतात. साचलेला द्रवही कधी डिफ्यूजनच्या चित्रात चमकतो, पण त्याचा एडीसीसुद्धा जास्त असतो. तिथं फसगत कळते. दोन्हीकडे ठळक, आणि दीड सेंटिमीटरहून लहान, म्हणून तुमच्या वडिलांना ४. दीड सेंटिमीटरपासून पुढं ५.

आता मुख्य गोष्ट. गर्दी झालीय हे आकडा सांगतो, गर्दी कुणाची हे सांगत नाही. प्रोस्टेटला सूज आली की पांढऱ्या पेशी दाटतात, तिथंही एडीसी उतरतो. टीबीमुळे किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आत बीसीजीचं औषध सोडल्यावर येणारी सूज तर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. ४ म्हणजे कॅन्सरची शक्यता दाट, पण ‘आहे’ असं म्हणायला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा लागतो. ग्लीसन ग्रेड, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे, तेही तिथूनच कळतं, आणि पुढचा उपचार त्या ग्रेडवर ठरतो. मग एमआरआय आधी कशाला? तर सुई कुठं घालायची ते कळतं. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात ५०० पुरुष होते. आधी एमआरआय करून दिसलेल्या जागी सुई घातली तिथं उपचाराजोगा कॅन्सर ३८ टक्के जणांत सापडला, नेहमीच्या बायोप्सीत २६ टक्के.

कॉन्ट्रास्टचं म्हणाल तर पेरिफेरल झोनमध्ये गुण डिफ्यूजनवरूनच ठरतो. तिथं ३ आला असता तर कॉन्ट्रास्टनं तो ४ होऊ शकला असता. तुमचा ४ आधीच आहे. त्यामुळं काही अर्धवट राहिलेलं नाही.

एक अनुभव मात्र सांगायलाच हवा. कागलकडचे एक आजोबा, जुने पैलवान, दुसरीकडचा स्कॅन घेऊन आमच्याकडे आले होते. गुदाशयात वायू साठलेला असताना तसाच स्कॅन उरकला होता. वायूला लागून डिफ्यूजनचं चित्र ताणलं जातं, आणि त्यांच्या प्रोस्टेटची मागची कडा चघळलेल्या चिपाडासारखी वेडीवाकडी झाली होती. तिथंच एक काळा डाग. पोट साफ करून पुन्हा घेतला, कडा सरळ आली आणि डाग गेला. आजोबांनी दोन आठवडे झोप काढली नव्हती, बायकोला काही सांगितलंही नव्हतं. मला त्या चित्राचा अजून राग येतो. दहा मिनिटं थांबून, शौचाला पाठवून हे टळलं असतं. खुब्यात धातूचा सांधा असेल तरी असंच बिघडतं, आणि बायोप्सीनंतर लगेच स्कॅन केला तर साचलेलं रक्त चित्र गढूळ करतं, म्हणून किमान सहा आठवडे थांबतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात व्हर्डिक्ट नावाची डिफ्यूजन एमआरआयची पद्धत घडवली गेलीय. ती पेशीच्या आतलं, बाहेरचं आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी वेगवेगळं मोजायचा प्रयत्न करते. गर्दी कुणाची, या प्रश्नाच्या ती जवळ जाते, म्हणून मला तिचं फार अप्रूप वाटतं. पण तिच्यासाठी बायोप्सी पुढं ढकलू नका.

युरोलॉजिस्टकडे जाताना फिल्म पुरेशी नाही, सीडी न्या. एडीसीचा नकाशा आणि मोठ्या बी-व्हॅल्यूचं चित्र तिच्यात आहे ना, ते सेंटरवरच उघडून बघा. वडिलांना लघवीला जळजळ किंवा ताप होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दोन्ही सांगा. आणि डावीकडच्या त्या ११ मिलिमीटरच्या जागेतून वेगळे तुकडे घेणार ना, एवढं विचारून घ्या.