फिका पडणारा डाय आणि गोल होणारे मायटोकॉन्ड्रिया

प्रश्न : जिवंत हेला पेशींतील (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशी) मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचे, स्टेड या अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या लेझर सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा तास चित्रण करायचे आहे. त्यासाठी बंगळूरच्या सूक्ष्मदर्शकावर ठरावीक वेळ मिळतो. पण दहा मिनिटांतच डाय (मायटोकॉन्ड्रिया चमकवणारे रंगद्रव्य) फिका पडतो, मायटोकॉन्ड्रिया गोल होतात. डायची मात्रा वाढवली तर आणखी बिघडते. – संशोधक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : मात्रा वाढवल्यावर बिघाड वाढतो, यातच कारण दिसते. प्रकाश शोषलेला डायचा रेणू कधीकधी ट्रिप्लेट या जास्त टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत अडकतो आणि ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) डायही नासवतो आणि मायटोकॉन्ड्रियाचे पटलही. फिकेपणा आणि गोलाई यांचे मूळ बहुधा एकच आहे.

बंगळूरची वेळ वाया जाऊ नये म्हणून आधी तीन डिश लावा : डाय व प्रकाश, नुसता डाय, नुसता प्रकाश. फक्त पहिलीतल्या पेशी बिघडल्या तर दोष त्या डायचा. चित्रात केंद्रकही उजळू लागले, तर डाय नुसता विझत नाही. पटलावरचा विद्युतभार गेल्याने तो बाहेर गळतो आहे.

पीके मायटो ऑरेंज हा मायटोकॉन्ड्रियासाठीचा डाय वापरून पाहा. त्याला जोडलेला सायक्लोऑक्टाटेट्राईन हा गट ट्रिप्लेट अवस्था लवकर शमवतो. 250 नॅनोमोलरपासून सुरुवात करा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेल्या डायच्या 1 मिलिमोलर साठ्यातला 1 मायक्रोलिटर थेट 4 मिलिलिटर माध्यमात मिसळा आणि प्रत्येक डिशला 1 मिलिलिटर द्या. डीएमएसओ 0.025 टक्केच राहते. मधले पातळीकरण डीएमएसओमध्ये केले की पेशींवर डीएमएसओचाच मारा होतो, ही चूक फार ठिकाणी दिसते. पंधरा मिनिटांनी धुवा. चित्रणाचे माध्यम फिनॉल रेड (माध्यमातला लाल रंग) नसलेले, शक्य तर रायबोफ्लेविनही (ब-2 जीवनसत्त्व) नसलेले घ्या. मग लेझरची शक्ती कमी करा, दोन चौकटींतले अंतर वाढवा. तेवढ्या बारीक तपशिलाची गरज नसेल तर सिम (पट्टेदार प्रकाश वापरणारी सूक्ष्मदर्शन) पद्धत पेशींना खूपच सोसवते.

कित्येक तासांचे चित्रण हवे असेल तर हॅलोटॅग या पेशीतल्या प्रथिनाला जोडायच्या खुणेचे अदलाबदल होणारे लिगँड (तिला चिकटणारे डायचे रेणू) पाहा. विझलेला रेणू सुटतो, माध्यमातला ताजा त्याची जागा घेतो. मात्र डाय माध्यमात सतत ठेवावा लागतो, आणि पार्श्वभूमी थोडी उजळते.

प्रश्न : थंडीत टेबलावरची डायची कुपी गोठली. फेकावी का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. डीएमएसओ 18.5 अंशांलाच गोठते. पूर्ण वितळू द्या, नीट हलवा. अर्धवट वितळलेल्यातून काढलेली मात्रा चुकते. खरा धोका पावसाळ्यात. डीएमएसओ हवेतले पाणी ओढते, म्हणून 5 मायक्रोलिटरचे भाग करून अंधारात उणे 20 अंशांवर ठेवा आणि कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.