धडधाकट माणसांच्या तपासणीसाठी केंद्रातील कर्मचाऱ्यांना कसे तयार करावे?

आपण विचारले आहे की, ३० वर्षांवरील माणसांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगासाठी तपासणी करण्याचे प्रशिक्षण होऊनही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सेविका व आशाताई बिचकतात, तर काय करावे. रत्नागिरी जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून केलेल्या कामाच्या अनुभवावरून लिहिते.

माझ्या मते त्यांच्याकडे माहितीची उणीव नसते. तापाने फणफणलेला माणूस स्वतःहून दाराशी येतो. धडधाकट माणूस मात्र ‘मला काय झालंय?’ असे विचारतो आणि त्याला उत्तर देण्याचा सराव कोणी करून घेतलेला नसतो. म्हणून आम्ही आठवड्यातून अर्धा तास राखून ठेवला. एकीने गावकरी व्हायचे, दुसरीने तिला राजी करायचे. ‘बीपी वाढलं तरी बरेचदा काहीच जाणवत नाही, म्हणून दुखत नसतानाच मोजायचं,’ हे वाक्य सर्वांत उपयोगी पडले.

हाताच्या सरावाला मात्र याहून अधिक वेळ द्यावा. आमच्या एका उपकेंद्राला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून जावे लागते. तेथे धापा टाकत आलेल्या एका मावशींना बसवताक्षणीच, बाहीवरून पट्टा बांधून, सेविकेने १५८ ची नोंद केली. मावशी घाबरल्या आणि पुन्हा फिरकल्याच नाहीत. त्यानंतर सकाळी आधी एकमेकींचा रक्तदाब मोजण्याचा नियम केला : पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेकू, पायांचे तळवे जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणे नाही आणि मिनिटभराने दुसरी नोंद. १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास स्वतः निदान न सांगता डॉक्टरांकडे पाठवायचे. कोणत्या वारी, कोणाकडे, हे भिंतीवर लिहिलेले असले की सेविकेचा आवाज आपोआप स्थिर होतो.

तोंडाच्या तपासणीत आपल्याकडे मशेरीचा विषय निघतोच, आणि तो दरडावून काढला तर बाई तोंड उघडत नाही. आधी टॉर्च लावून गालांच्या आत व जिभेखाली पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते पाहावे, मशेरीबद्दल नंतर बोलावे.

नव्या सेविकेची पहिली फेरी मी जून-जुलैत बंदरावरच्या वाडीत ठेवत असे, कारण मासेमारी बंद असल्याने माणसे घरी भेटतात आणि पाच मिनिटे बसायला तयार असतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागेत तेवढी सवड कोणालाच नसते.