सोलापुरात राहून इन्शुरन्स आणि अपघाताच्या केसेसवर वकिली चालते का?

तुम्ही विचारलंय की एलएलबी सोलापुरातच झालंय, सनद आलीय, इन्शुरन्स आणि अपघाताच्या केसेसमध्ये करिअर आहे का, की पुण्याला जाऊन एखाद्या कंपनीत लीगलला चिकटावं. मी याच कामात आहे म्हणून सांगतो, काम भरपूर आहे पण पैसा उशिरा येतो, तेव्हा सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरचे सांभाळून घेणार असतील तर सोलापूर सोडू नका.

पुणे-हैदराबाद हायवे आहे, विजापूर रोड आहे, आणि उसाचं गाळप सुरू झालं की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेतच. त्यामुळं क्लेम पिटीशन, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे अर्ज, काही कमी पडत नाहीत. भरपाईच्या हिशोबाचं सूत्र सुप्रीम कोर्टानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांमध्ये ठरवून दिलंय, ते कुणीपण आठवड्यात शिकतं. खरी वकिली आहे ती मिळकत शाबीत करण्यात.

समजा २८ वर्षांचा यंत्रमाग कामगार रविवारी अक्कलकोटहून येताना अपघातात गेला, मागं बायको, दोन पोरं, आई. महिना १५,००० शाबीत झाले तर त्यात ४० टक्के भविष्यातली वाढ, मग त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, आणि उरलेल्या वर्षाच्या रकमेला वयानुसार १७ चा गुणक, म्हणजे ३२ लाख १३ हजार. तेच कोर्टानं ८,००० धरले तर १७ लाख १३ हजार ६००. त्या घराचे पंधरा लाख गेले ते फक्त कागद नव्हता म्हणून! आणि कागद कुठून आणणार, पगार रोख, हजेरीवही मालकाकडं, आणि मालक साक्षीला यायला तयार नाही कारण त्याला पीएफवाल्यांची भीती. अशा मालकाला समजावून, नाही आला तर समन्स काढून, पिंजऱ्यात उभा करणारा वकील इथं कमी आहे, म्हणून त्याला मागणी आहे.

जखमीच्या केसमध्ये तसंच. सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व ४० टक्के लिहिलंय, पण माणूस ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई ४० टक्केच गेली का? त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा राजकुमार वि. अजयकुमार (२०११) हा निकाल पाठच करा, आणि डॉक्टरांची साक्ष नीट घ्यायला शिका.

दुसरी बाजू कंपनीची. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांचं वकिलांचं पॅनेल असतं, खाजगी कंपन्यांचंपण असतं. फी केसमागं ठरलेली आणि मोठी नाही, पण फायली सारख्या येत राहतात, आणि लायसन, परमिट, पॉलिसीच्या अटी यावर उलटतपास घ्यायला हात बसतो. आता लायसनचा बचाव पूर्वीइतका चालत नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या ट्रान्सपोर्ट गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन पुरतं. ट्रॉलीत बसलेल्या ऊसतोड मजुरांना विमा लागू होतो का हा प्रश्न मात्र अजून जोरात भांडला जातो. माझं मत, आधी थोडा काळ कंपनीच्या बाजूनं काढा, क्लेम कुठं मोडतो ते कळतं.

ग्राहक आयोग तर लोक विसरतातच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात केस कुठल्या आयोगात जाणार ते ठरतं भरलेल्या हप्त्यावरून, मागितलेल्या रकमेवरून नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, म्हणजे एक कोटीची टर्म पॉलिसी नाकारली तरी केस सोलापुरातच चालते, कारण हप्ता काय तेवढा भरलेला नसतो, आणि तक्रारदार राहतो तिथं दावा टाकता येतो. मुदत दोन वर्षं. मेडिक्लेमवाले 'आधीचा आजार लपवला' म्हणून क्लेम फेटाळतात, त्यात चांगलं काम आहे. शिवाय कामगार भरपाईचा कायदा आहे, पूर्वी तो १९२३ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नं घेतलीय, कारखाने आणि यंत्रमागांच्या या शहरात तो येत नसेल तर अर्धं काम गेलं समजा.

अपघाताच्या निकालावर अपिलाला पूर्वी मुंबई हायकोर्ट गाठावं लागायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर त्यात येतं, त्यामुळं अपिलं स्वतः चालवायची सोय झाली.

नोकरीच हवी असेल तर सरकारी विमा कंपन्यांच्या ऑफिसर भरतीत अधूनमधून लीगलच्या जागा निघतात, त्यावर लक्ष ठेवा, पगार वेळेवर येतो.

एक सांगून ठेवतो, अमेरिकेतल्यासारखं निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. हॉस्पिटलबाहेर केस धरणारे दलाल भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, सनदेवर येतं. सिनियर निवडताना एवढंच बघा की तो पुराव्याला स्वतः उभा राहतो का, नाहीतर प्रत्येक केस लोकअदालतीत ढकलणाऱ्याकडं तुम्ही फक्त तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहायला शिकाल.