नव्या गाडीच्या पॅनलमधील फटी असमान असतील तर काय करावे?

नव्या गाडीच्या बॉनेटची उजवी कड फेंडरपेक्षा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापेक्षा) किंचित वर राहते, मागच्या डाव्या दरवाजाची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, आणि विक्रेता मात्र ‘हे मर्यादेतच आहे’ एवढेच सांगतो. अशा वेळी आग्रह धरावा की सोडून द्यावे, असे आपण विचारले आहे. आग्रह अवश्य धरावा, परंतु तो बोल्टने बसवलेले भाग सरकवून जुळवून घेण्यापुरताच असावा. पत्रा ठोकणे, घासणे किंवा नव्याने रंग देणे यांना नव्या गाडीवर सहजासहजी संमती देऊ नये, असे मी अगदी ठामपणे सांगेन. गाड्यांच्या बॉडीचे काम तपासणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि एका मिलिमीटरच्या फरकापायी कारखान्यात चढलेला मूळ रंग गमावलेल्या गाड्या पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटते.

गाडीचा सांगाडा, छत आणि मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनल हे वेल्डिंगने जोडलेले असतात, त्यामुळे ते हलत नाहीत. दरवाजे, बॉनेट, डिकीचे झाकण आणि सामान्यतः पुढचे फेंडर हे मात्र बोल्टवर असतात व थोडेफार सरकवता येतात. प्रत्येक भाग घडवताना आणि बसवताना अल्पसा फरक राहतो, आणि असे फरक एकाच दिशेने साचले की ते फटीत दिसू लागतात. आजच्या बहुतेक गाड्यांत या फटी साधारणपणे ३ ते ५ मिमी रुंदीच्या असतात. डाव्या-उजव्या बाजूंत किंवा एकाच फटीच्या दोन टोकांत १ मिमीच्या आसपास फरक असेल तर मी तो सहसा सोडून देतो. २ मिमी किंवा त्याहून अधिक असेल तर दुरुस्ती मागतो. आपल्या मॉडेलची नेमकी मर्यादा उत्पादकाच्या बॉडी दुरुस्तीच्या पुस्तिकेत दिलेली असते. म्हणून ‘मर्यादेत आहे’ या उत्तरावर न थांबता मर्यादा किती आणि आपल्या गाडीवर मोजलेला आकडा किती, हे दोन्ही लेखी मागावे.

मोजमाप सपाट जमिनीवरच करावे, कारण एखादे चाक उंचवट्यावर असेल तर बॉडीला किंचित पीळ बसू शकतो. रंगावर ओरखडा उमटू नये यासाठी फट मोजण्याची प्लॅस्टिकची निमुळती पट्टी वापरावी, आणि ती फटीत असतानाच छायाचित्र घ्यावे. पांढऱ्या गाडीवर फटीतील सावली उठून दिसते आणि फट आहे त्यापेक्षा मोठी भासते, त्यामुळे केवळ नजरेवर विसंबू नये.

दिसण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व भाग नीट काम करतो की नाही याला आहे. बॉनेट वर राहत असेल तर सर्वांत आधी ते पूर्णपणे लॉक होते ना, हे पाहावे. ते केवळ दुसऱ्या, सुरक्षेसाठीच्या कडीवर अडकून राहत असेल तर गाडी चालवूच नये. दरवाजा आणि रबर यांमध्ये कागदाची पट्टी ठेवून दरवाजा लावावा व ती ओढून पाहावी. जिथे ती काहीही न अडता निघून येते, तिथून पाणी आणि वाऱ्याचा आवाज आत येण्याची शक्यता असते. दोन पॅनलच्या कडा एकमेकींना घासत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण रंग निघाला की उघड्या पत्र्याला गंज लागतो.

जुळवणीचा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाई होते ती नेमकी तिथेच. काम न हलणाऱ्या भागापासून सुरू व्हायला हवे. म्हणजे आधी मागचा दरवाजा क्वार्टर पॅनलशी, मग पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाशी, त्यानंतर फेंडर पुढच्या दरवाजाशी, आणि शेवटी बॉनेट दोन्ही फेंडरशी जुळवावे. हा क्रम उलटवला की एका फटीतील फरक नुसता दुसऱ्या फटीत ढकलला जातो. दरवाजाच्या बाबतीत आणखी एक पळवाट असते. बिजागरीकडची बाजू खाली बसलेली असताना खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दरवाजाचे लॉक ज्यात अडकते ती कडी, तेवढा वर सरकवतात, आणि बंद दरवाजा सरळ दिसू लागतो. प्रत्यक्षात दरवाजा लावताना दर वेळी स्ट्रायकर त्याला वर उचलत असतो आणि लॉक झिजत जाते. त्यामुळे काम झाल्यावर दरवाजा अगदी सावकाश लावून पाहावा. शेवटच्या क्षणी तो वर उचलला किंवा खाली दाबला जात असेल, तर बिजागरी जुळवलेली नाही असे समजावे.

गाडी आपल्यापर्यंत येण्यापूर्वीच तिला धक्का लागून ती दुरुस्त झाली असावी, असा संशय असेल तर रंगाची जाडी मोजून घ्यावी. कारखान्यातील रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. एकच पॅनल शेजारच्या पॅनलांपेक्षा बराच जाड निघाला तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि आकडा बऱ्याच शेकड्यांत गेला तर खाली पुट्टी असू शकते. बोल्टच्या डोक्यावरचा रंग तुटलेला दिसला म्हणून मात्र लगेच अपघाताचा निष्कर्ष काढू नये, कारण कारखान्यातही अखेरची जुळवणी होते.

तक्रार तोंडी ठेवू नये. जॉब कार्डवर पॅनलचे नाव, मोजलेली फट आणि किलोमीटरची नोंद करून घ्यावी, आणि हे लवकर करावे, कारण काही उत्पादकांच्या वॉरंटीत अशा जुळवणीची मुदत मुख्य वॉरंटीपेक्षा बरीच कमी असते. बंपर काढावा लागणार असेल आणि त्यामागे रडार असेल, तर नंतर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजावे यासाठी पुन्हा जुळवणे, लागेल का, हेही विचारून ठेवावे.

आपल्या दोन तक्रारींपैकी बॉनेटची बहुधा त्याखालचे रबरी टेकू फिरवून किंवा लॉकची उंची बदलून थोड्या वेळात मिटेल. दरवाजासाठी बिजागरीचे बोल्ट सैल करून तो पुन्हा बसवावा लागेल, म्हणून त्या कामाला अनुभवी माणूस आणि पुरेसा वेळ मागून घ्यावा. बिजागरी जुळवूनही फट तशीच राहिली, तर दोष वेल्डिंगने जोडलेल्या भागात असू शकतो. मग सर्व्हिस सेंटरला पुढे काहीही करू न देता उत्पादकाच्या तांत्रिक प्रतिनिधीकडून तपासणी मागावी, आणि सांगाडाच चुकलेला निघाला तर कापून जोडण्याऐवजी गाडी बदलून मागावी.