गाडीचं ‘परीक्षण’ नको, कसोटी म्हणा

प्रश्न असा आला आहे: ‘ब्लडहाउंड या वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या गाडीवरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. “सुरक्षा निकषांनुसार गाडीचे परीक्षण यशस्वी” हे वाक्य बरोबर आहे का? परीक्षण की चाचणी? आणि निकष म्हणजे नियमच ना?’

परीक्षण नको. मराठीत परीक्षण नाटकाचं होतं, पुस्तकाचं होतं, हिशेबाचं लेखापरीक्षण होतं. क्षेपणास्त्राचं आणि गाडीचं ‘परीक्षण’ हिंदी बातम्यांमधून जसंच्या तसं उचललेलं आहे आणि ते ऐकून कान किटले आहेत. ‘चाचणी’ हा आपला धडधाकट शब्द आहे, तो खुशाल वापरा. पण या गाडीसाठी त्याहूनही नेमका शब्द आहे, तो म्हणजे कसोटी.

क्रिकेटची कसोटी सगळ्यांना ठाऊक आहे, ती बाजूला ठेवू. मूळ शब्द संस्कृत ‘कषपट्टिका’. कष् म्हणजे घासणं, पट्टिका म्हणजे पाटी. प्राकृतात ‘कसवट्टी’ आणि पुढे आपली ‘कसोटी’. सराफाकडचा काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना हलकेच घासायचा, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन रेघा ताडून पाहायच्या. दागिना तसाच राहतो, जाते ती केवळ एक रेघ. ‘निकष’ही याच कष् धातूचा आणि त्याचाही मूळ अर्थ हाच दगड. अमरकोशात ‘शाणस्तु निकषः कषः’ असे तिघे एकाच ओळीत बसले आहेत.

आता खरी गंमत. इंग्रजीतला ‘टेस्ट’सुद्धा सोन्याचांदीच्याच धंद्यातून आला. लॅटिन ‘टेस्टम’ म्हणजे मातीचं भांडं, ज्यात धातू वितळवून शुद्ध किती ते पाहत. म्हणजे दोन्ही भाषा सोन्यापाशीच गेल्या, पण एकीनं मूस घेतली आणि दुसरीनं दगड. मुशीत धातू वितळवावा लागतो, दगडावर नुसता घासायचा असतो.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण नेहमीच्या मोटारी मुशीच्या रीतीनं तपासतात. कारखान्यात हजारो गाड्या बनतात, त्यांतल्या काही मुद्दाम अडथळ्यावर आदळून चिरडायच्या आणि आतल्या पुतळ्यांना किती मार लागला ते मोजायचं. विक्रमाची गाडी एकच असते, ती चिरडणार कशी? तिला दगडावरच घासावं लागतं, एकेक रेघ ओढत. ब्लडहाउंड २०१७ साली इंग्लंडमध्ये न्यूकीच्या धावपट्टीवर ताशी २१० मैलांपर्यंत पळवली. मग २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हाकस्कीन पॅनच्या कोरड्या तळ्यात साधारण पन्नास-पन्नास मैलांनी वेग चढवत नेला. प्रत्येक धावेनंतर थांबून मोजमापं वाचायची, मग पुढची धाव. शेवटी १६ नोव्हेंबरला ताशी ६२८ मैल, म्हणजे सुमारे १,०१० किलोमीटर. (त्या तळ्यातले हजारो टन दगड आसपासच्या गावकऱ्यांनी हातानं वेचून काढले होते. या कसोटीच्या आधी दगडच दूर करावे लागले.)

निकष आणि नियम मात्र एक नव्हेत. ‘निकष पाळा’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. नियम पाळायचा असतो, निकष लावायचा असतो. अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती भरतात. तिथं अग्निरोधक पोशाख, सुरक्षा पिंजरा, पट्टे हे सगळे नियम. नवख्या चालकाला पूर्ण पोशाखात, पट्ट्यांनी जखडलेल्या अवस्थेतून कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडून दाखवावं लागतं, ती कसोटी. आणि विक्रम मानायचा केव्हा, तर जागतिक पातळीवर एका तासाच्या आत दोन उलट दिशांना धावून येणाऱ्या सरासरीनं. वारा आणि उतार यांचा फायदा त्यातून कटतो. हा निकष. १९९७ च्या १३ ऑक्टोबरला नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही अशीच विक्रमासाठीची ब्रिटिश गाडी दोन्ही वेळा ध्वनीच्या वेगापुढे गेली होती, पण परतीची धाव तासाच्या मुदतीत बसली नाही, म्हणून विक्रम नाही. गाडी कसाला उतरली होती, निकषाला नाही. दोनच दिवसांनी तिचा चालक अँडी ग्रीननं ती पुन्हा पळवली आणि ताशी १,२२८ किलोमीटरांचा विक्रम झाला. तो अजून टिकून आहे.

आता ‘कसून’. व्युत्पत्तीचे जाणकार म्हणवणारे सरसकट सांगतात की हा शब्द ‘कसणे’ म्हणजे आवळणे यावरून आला. ‘कंबर कसून’ आहेच, तेव्हा ‘कसून सराव’, ‘कसून मेहनत’ यांबाबत त्यांचं मान्य. पण ‘कसून चौकशी’, ‘कसून तपासणी’? तिथं कोण काय आवळतो? तपासणी म्हणजे कस पाहणं, आणि ‘कस’ दगडावरचाच. माझं ठाम मत आहे की मराठीत दोन वेगळे ‘कसून’ आहेत आणि कोशांनी ते एकाच दावणीला बांधले. जमीन ‘कसणे’ हा तिसरा, तो कृष् धातूचा, नांगराचा. ‘कसरत’ तर अरबी, तिला या घरात घेऊच नका. कासोट्यालाही नको.

चालकाला बसवताना पट्टे कसतात, तो आवळण्याचा ‘कस’. त्या गाडीला कसाला लावतात, तो सोन्याचा. एकाच धावेत दोन्ही येतात, आणि इंग्रजीला ते जमत नाही.

तुमचं वाक्य असं करा: ‘सुरक्षेचे नियम पाळून घेतलेल्या कसोट्यांना गाडी उतरली.’