तिघांसमोर सत्त्याण्णव

प्रश्न : हवामानबदलाच्या बातमीत विनोद आणल्याने तिचे गांभीर्य कमी होत नाही का? आणि दोन्ही बाजूंना समान वेळ देणे, हाच समतोल ना? — एक वाचक, सातारा

उत्तर : मे २०१४ मध्ये विनोदवीर जॉन ऑलिव्हर यांनी आपल्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात नेमकी या 'समान वेळे'चीच फिरकी घेतली. एकास एक अशा नेहमीच्या वादाऐवजी त्यांनी मानवनिर्मित हवामानबदल न मानणाऱ्या तिघा शंकेखोरांसमोर तो मानणाऱ्या सत्त्याण्णव शास्त्रज्ञांचा जथा उभा केला आणि पांढऱ्या कोटांच्या त्या गर्दीत कोणाचेच बोलणे धड ऐकू येईना. प्रेक्षक हसले, पण प्रमाण त्यांना डोळ्यांनी दिसले.

अर्थात, या सत्त्याण्णवांमागचा ९७ टक्के हा आकडा २०१३ च्या एका पाहणीतला आहे. ज्या शोधनिबंधांच्या सारांशात तापमानवाढीच्या कारणाविषयी मत होते, त्यांपैकी तितक्यांनी मानवी कारण मान्य केले होते. ऑलिव्हर यांनी निबंधांची माणसे केली. एवढी सूट विनोदाला द्यायला माझी हरकत नाही.

खरा मतभेद तापमानवाढ किती होईल, याविषयी आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान बहुधा २.५ ते ४ अंश सेल्सिअसने वाढेल, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो. या दीड अंशाच्या फरकावर मात्र दोन तज्ज्ञ खुशाल समोरासमोर बसवावेत.